निवडलेले सहा

सहापैकी सहा जागा रिकाम्या, एवढंच देवरे सरांच्या मेलमध्ये होतं. खाली नेहमीचं ‘बोलू’ नव्हतं. गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर, मी आत्याशेजारी बसले होते. नर्सने आत्याच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचं औषध घातलं होतं आणि वीस मिनिटं डोळे उघडायचे नाहीत असं तिला दोनदा बजावलं होतं. समोर आवाज बंद केलेला टीव्ही चालू होता आणि त्याच्यासमोर दहा-बारा माणसं ओळीने डोळे मिटून बसली होती. मी मेल पुन्हा वाचला. वाक्य इतकं लहान होतं की पुन्हा वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी वाचला. कुलूप लावून दहा पावलं गेल्यावर माणूस परत येऊन ते ओढून बघतो, तसं. खाली सहा चित्रं जोडलेली होती. प्रत्येकात मधोमध बारीक वर्तुळ काढलेलं, आणि वर्तुळाच्या आत जे होतं तेच वर्तुळाच्या बाहेर होतं: राखाडी, दाणेदार काहीच नाही. चौथ्या चित्राखाली १७ असा आकडा होता. ते मी बोटांनी मोठं केलं, आणखी मोठं केलं, चौकोन चौकोन दिसायला लागेपर्यंत. तिथेही काही नव्हतं.

आत्याने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, काय झालं. काही नाही, म्हटलं. तिने मान हलवली. नवसाबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वणीजवळच्या गावात राहते आणि ‘काही नाही’ या उत्तरावर तिचा कधीच विश्वास नसतो. पहिल्या मोतीबिंदूसाठी ती जुलैत इंदिरानगरला आमच्याकडे आली, दुसऱ्यासाठी दिवाळीनंतर पुन्हा आली, आणि आता तपासण्यांसाठी राहिली होती. तिच्या नव्या डोळ्यांना सगळं दिसत होतं. आमच्या फ्लॅटच्या छतावरचे पोपडे, आईच्या कपाळावरचा नवा पांढरा केस, आणि माझं वजन.

गेलं दीड वर्ष मी जे करत होते ते आत्याला मी एकदाच समजावून सांगितलं होतं, आणि तेव्हाच स्वतःलाही नीट समजलं होतं. आकाशात एक दुर्बीण फिरत होती. ती उजेड नाही, ऊब टिपायची. दर सहा महिन्यांनी ती सगळं आकाश एकदा बघून घ्यायची, असं कितीतरी वर्षं. मग तिला बंद केलं आणि नंतर ती हवेत जळूनही गेली. राहिली ती तिने काढलेली चित्रं. कोट्यवधी, कोणालाही बघायला मोकळी. आपल्या शेजारपाजारी, म्हणजे प्रकाशाला काही वर्षं लागतील एवढ्याच अंतरावर, असे काही गोळे असावेत जे तारा होता होता राहिले. ते पेटले नाहीत. आपल्या चहाच्या कपाएवढेही गरम नाहीत. त्यांची ऊब त्या जुन्या चित्रांत एखाद्या ठिपक्यासारखी पडलेली असणार, फक्त कोणी बघितलेली नाही. जवळचा ठिपका वर्षानुवर्षांत थोडा सरकतो, लांबचे जागेवर राहतात. म्हणून दहा वर्षांच्या अंतराची दोन चित्रं आलटून पालटून दाखवायची आणि सरकतो तो शोधायचा. यातलं बहुतेक काम संगणक करतो, पण शेवटी डोळेच लागतात, कारण संगणकाला भुतं कळत नाहीत. मोठ्या तेजस्वी ताऱ्यानंतर दुर्बिणीच्या पडद्यावर काही क्षण त्याची छाप राहते आणि पुढच्या चित्रात ती नको त्या जागी उमटते. ताऱ्याच्या झळाळीची टोकं ठिपक्यासारखी दिसतात. मी अशी हजारो भुतं बघून बाजूला काढली होती. सकाळी दहाला बसायचं, एकला उठायचं, दोनला परत बसायचं. दीड वर्षात चार हजार तीनशे जोड्यांमधून एकतीस राहिल्या. त्यातल्या निम्म्या तरी खऱ्या असतील असा आमचा हिशेब होता.

त्या एकतिसातली सतरा नंबरची जोडी माझी होती. माझी म्हणजे काय, ते कागदावर सिद्ध करता येणार नाही. पहिल्यांदा ती समोर आली तेव्हा आई आतून जेवायला हाक मारत होती आणि मी ओ दिली नव्हती. ठिपका इतका फिका होता की सरळ बघितलं तर दिसायचा नाही. नजर थोडी बाजूला ठेवली की दिसायचा, आणि दुसऱ्या चित्रात केसभर डावीकडे जायचा. त्यानंतर काम कंटाळवाणं झालं की मी सतरा नंबर उघडून बसायचे. सरांना मी लांबलचक मेल लिहिला होता. हा प्रकल्प चालवणारे देवरे सर मूळचे सटाण्याकडचे, पुण्यात तीस वर्षं काढून फोनवर अजून अहिराणीत ‘कशी शेस?’ असं विचारणारे. त्यांनी उत्तर दिलं होतं, तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे, पण ठिपक्याच्या प्रेमात पडू नये. नियम असा होता की प्रत्येक जोडी दोन माणसांनी, एकमेकांना न विचारता बघायची. दुसरा रोहित होता. तो मे महिन्यात बंगळुरूला नोकरी लागून गेला, त्याच्या जागी कोणी आलं नाही, आणि सर म्हणाले, तूच दोनदा बघ, आठ दिवसांच्या अंतराने.

ऑगस्टमध्ये परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीवर आम्हाला एका रात्रीचा तिसरा हिस्सा मिळाला. सहा जागा बघून होतील एवढाच वेळ. सहा जागांचे आकडे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते आणि बुधवारी माझे डोळे आले. ज्या दिवसांत माणसाला काही दिसत नाही त्या दिवसांना आपण डोळे आले म्हणतो. हे ज्याने पहिल्यांदा म्हटलं त्याला बहुधा बघायचं काही काम नसावं. शुक्रवारी सकाळी माझ्या पापण्या कोमट पाण्याने सोडवाव्या लागल्या. पडद्याकडे बघितलं की सुया टोचायच्या. सरांना फोन करता आला असता. केला नाही. मी आधीच एकदा मुदत वाढवून मागितली होती, मार्चमध्ये माझा करार संपत होता, आणि पीएचडीसाठी सर जे पत्र देणार होते ते या सहा जागांवर अवलंबून होतं. आई मळ्यात गेली होती. घरात आत्या होती, दीड महिन्यापूर्वी एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेली, आणि आलेल्या डोळ्यांकडे बघितलं की बघणाऱ्याचेही येतात असं मानणारी. त्यामुळे ती माझ्याकडे पाठ करूनच बोलत होती. मी पलंगावर काळा चष्मा लावून पडले होते आणि ती टेबलाशी लॅपटॉपसमोर, पाठमोरी. पुढे जायचं बटण सगळ्यात लांबट होतं, ते तिला कळत होतं. जोडी उचलायच्या दुसऱ्या बटणावर मी चाचपडत एक हिरवी टिकली चिकटवून दिली. एकतीस जोड्या होत्या. आठ-दहा ओळखीच्या जोड्यांवर तिला आधी शिकवलं. सरकतो तो आपला, एकात आहे आणि दुसऱ्यात नाही तो खोटा, शेपटी फुटलेला खोटा, जागेवर बसून लुकलुकतो तो खोटा. ती एकदाही चुकली नाही. द्राक्षाच्या हंगामात ती अठरा वर्षं पॅकिंगच्या शेडमध्ये जात होती. घडाला हात न लावता, बारीक कात्रीने, आतल्या बाजूचा एक तडकलेला मणी काढणारे ते डोळे होते.

“आता यातले निवड,” मी म्हटलं. “पाच-सहा निघतील.”

“तेवढे तं निघत्यातच,” आत्या म्हणाली.

दोन तास ती बसली. मी बटणांचा आवाज ऐकत पडून राहिले. शेवटी ती म्हणाली, सहा निघाले, आणि पडद्यावरचे आकडे एकेक करून मराठीत वाचले: चार, नऊ, अकरा, सतरा. सतरा ऐकल्यावर पुढचे दोन मी नीट ऐकलेही नाहीत. माझ्या छातीत काहीतरी हलकं झालं. न शिकलेले, मी काय शोधते आहे हे माहीत नसलेले, ठिपक्याच्या प्रेमात-बिमात न पडलेले डोळे, आणि त्यांनीही तोच उचलला. यापेक्षा चांगली दुसरी नजर कोणती. आठ दिवस थांबून पुन्हा बघायला वेळ नव्हता आणि आता गरजही वाटली नाही. संध्याकाळी एका डोळ्याची फट करून मी सरांना सहा जागा पाठवल्या. लिहिलं, डोळ्यांनी तपासून निवडलेल्या. कोणाच्या डोळ्यांनी ते लिहिलं नाही. वाक्याला ते लागत नव्हतं.

आणि आता जानेवारी होता आणि सहाही रिकाम्या होत्या. दवाखान्यातल्या मिटलेल्या डोळ्यांच्या ओळीत माझेच दोन उघडे होते आणि मला ते उघडे असल्याची चीड आली. पाठोपाठ सरांचा दुसरा मेल आला. रीत फसली असं दिसतं, एकतीसही बहुधा भुतंच, मी संध्याकाळी अहवाल पाठवतो आणि हा विषय बंद करतो. वाईट वाटून घेऊ नकोस, असं शेवटी होतं, ते सगळ्यात वाईट होतं. मी मनात सगळं उलटं तपासत गेले. जागांचे आकडे पाठवताना चुकले का? नाही, तीनदा पाहिले होते. ठिपके पुढे सरकून वर्तुळाबाहेर गेले असतील का? वर्तुळ पुरेसं मोठं होतं. मग दीड वर्ष मी काय बघत होते? शाळेत असताना मळ्यात दुपारी बांधावर उभं राहिलं की समोरची जमीन हलताना दिसायची, आणि वडील म्हणायचे, ऊन हलतंय, जमीन नाय. तसं माझं झालं होतं का? मी चार हजार जोड्या बघून हलणारं ऊन गोळा केलं होतं? राग यायला कोणी समोर नव्हतं. दुर्बीण जळून गेलेली. सर समजूतदार. उरली शेजारी बसलेली, डोळे मिटून गुडघ्यावर बोटं वाजवणारी आत्या, आणि तिच्यावर रागावणं म्हणजे वजनकाट्यावर रागावणं. तरी मी रागावले. म्हणजे आवाजात तेवढा आला.

“आत्या, तू निवडलेले सहाच्या सहा रिकामे निघाले.”

“मग?” तिने डोळे न उघडता विचारलं. “रिकामेच व्हते ना. म्हनून तं काढले.”

मला आधी वाक्य कळलं नाही. मग कळलं, आणि खुर्चीखालची फरशी कुठेतरी गेली. मी तिला विचारलं, काढले म्हणजे काय. ती वैतागली. तांदूळ निवडते तेव्हा काय काढते मी, भात? खडेच ना? शेडमध्ये निवडायला बसायचो तेव्हा मुकादम काय सांगायचा, निवडून टाका. तू म्हणालीस निवड, पाच-सहा निघतील. मला वाटलं होतं दहा तरी निघतील, पण सहाच निघाले, बाकी माल चांगला होता. शेजारची एक बाई डोळे मिटल्या मिटल्या हसली. तिचा काही संबंध नव्हता, पण ती म्हणाली, आजी, निवडून आलेलेसुद्धा खडेच निघतात आजकाल. ओळीतले दोघे-तिघे हसले. आत्याही हसली. मग माझ्याकडे तोंड करून, डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, “तुला लिवता येतं येवढं, अन् निवडता येत नाय?”

मला आमच्या स्वयंपाकघरातलं वर्तमानपत्र आठवलं, त्यावर पसरलेली मेथी, आई आणि मी समोरासमोर. मी लहानपणापासून जे निवडलं ते हेच. बोटांनी उचलायचं ते पान, टोपलीत जायचं ते पान, आणि मागे राहायची ती काडी. मेथीत हातात येतं ते ठेवायचं असतं. तांदळात हातात येतं ते टाकायचं असतं. हाताची हालचाल तीच, शब्द तोच, आणि सव्वीस वर्षांत मला यात काही विचित्र आहे असं एकदाही वाटलं नव्हतं, मी, जी प्रत्येक आकड्याचं एकक तपासते.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. सहापैकी सहा. एकतिसातले निम्मे खरे असतील तर कुठलेही सहा उचलून सगळे रिकामे निघणं ही शंभरात एखादवेळची गोष्ट. म्हणजे एक तर सर म्हणतात तसे एकतीसही खोटे होते, किंवा उचलणाऱ्याला खोटं ओळखता येत होतं. जो निकाल आमचा शेवट म्हणून आला होता तो कदाचित आत्याच्या नजरेचा निकाल होता, एकही चूक नसलेला. आणि मग मागे राहिलेले पंचवीस खरे असायला हरकत नव्हती. आणि सतरा नंबर खडा होता.

मी जिन्यात आले. सरांचा नंबर काढला आणि लावला नाही. एक वाक्य माझ्याकडे आपोआप तयार होतं: सर, यादीचा कॉलम उलटा झाला, नाकारलेले सहा गेले, माफ करा. असं होतं, सगळ्यांचं होतं. सर वैतागतील, अहवाल थांबवतील, पंचवीस पुन्हा उघडायला सांगतील, आणि माझं पत्र शाबूत राहील. कोणाला आत्या, टिकली, आलेले डोळे यातलं काही कळणार नाही. वाक्य जवळजवळ खरंही होतं. जिन्यातून एक माणूस हिरवी पट्टी लावलेल्या बायकोला धरून एकेक पायरी उतरवत होता आणि मी भिंतीला लागून त्यांना वाट देत ते वाक्य मनात घोळवत होते. पण ते बोलले तर पंचवीस माझ्यासमोर येणार होते. निवड म्हणून सर मला सांगणार होते. आणि माझ्या डोळ्यांनी दीड वर्षात सगळ्यात जास्त वेळ जे बघितलं, मेल लिहिला, जेवायला गेले नाही, ते भूत होतं. माझे डोळे चांगले होते त्या दिवसांतही मी सतराच पाठवला असता. यावर पांघरूण घालायचं तर पंचवीसमध्येही मी असाच कुठलातरी लाडका शोधणार, आणि पुन्हा कोणाची तरी रात्र वाया जाणार. मला सरांचा राग आला, त्यांना एवढंच बघायचं होतं तर दुसरा माणूस का नेमला नाही. रोहितचा आला. मग फोन लावला.

मी सगळं सांगितलं. क्रमाने, तारखेसकट.

“शिक्षण किती त्यांचं?” सरांनी विचारलं.

“चौथी.”

“तुझ्या नावावर मी ती रात्र मागितली होती, स्नेहल.”

मी हो म्हटलं. पुढचं ते अगदी कोरडेपणाने बोलले, टिपण सांगावं तसं. आकाशाचा तो भाग आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत रात्री दिसणार नाही. अहवालात झालेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं जाईल. पंचवीस जोड्या तू उघडायच्या नाहीत, आजपासून. मी त्यात दोनशे माहितीतली भुतं आणि चाळीस माहितीतले खरे मिसळून, नंबर बदलून पाठवतो. तुझ्या आत्या बघतील, त्यांची तयारी असेल तर. काय काढायचं हे त्यांना मी फोनवर सांगेन, तू नाही. त्या बघत असताना तू खोलीत नसशील आणि त्यांना काही विचारणार नाहीस, कारण तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. मार्चनंतरचं आत्ता विचारू नकोस. हे सगळं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर हेच नियम घातले असते, याच क्रमाने. त्यामुळे मला कुठे बोट ठेवता येईना, आणि बोट ठेवायला जागा नसलेला राग घेऊन मी वर गेले तेव्हा आत्याला आत बोलावलं होतं.

डोळ्यांचं औषध पूर्ण उतरायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी आत्याला फोन केला. मी गॅलरीत होते, तरी आत्याचं बोलणं ऐकू येत होतं. ती पहिल्यांदा ‘साहेब’ म्हणाली, मग सरांनी काहीतरी म्हटलं असावं, कारण ती हसली आणि म्हणाली, मंग आमच्याच वाटंचे की तुम्ही. त्यानंतर दार लागलं. आई मळ्यातून आणलेली कोथिंबीर खाली सोसायटीच्या दारात कोणाला तरी देत होती. मी गॅलरीच्या कठड्याला पाठ लावून बसले. आतून बटणाचा आवाज येत होता. मी मोजायचं नाही असं ठरवलं आणि एकशे बारापर्यंत मोजलं, मग चुकले. कधी आवाज थांबायचा. आत कुठलीतरी एक जोडी आलटून पालटून दिसत असणार, आणि एक बाई, जिला प्रकाशवर्ष म्हणजे काय ते माहीत नाही, तिच्याकडे हनुवटी पुढे काढून बघत असणार. मी उठून दारापाशी गेले आणि हात कडीवर ठेवून परत आले. असं दोनदा. दीड वर्ष ही चित्रं सगळ्यात जास्त मीच बघितली होती, आणि आता सगळ्या इमारतीत ती बघायची मनाई असलेली मी एकटी होते. थांबणं लांबलं की मला वाटायचं, हा असणार. लगेच आवाज यायचा आणि तो ठेवण्याचा होता की टाकण्याचा, हे कळत नव्हतं.

अकराच्या सुमाराला दार उघडलं. आत्या पदराने डोळ्यांच्या कडा टिपत बाहेर आली. झालं का, असं विचारायचं नव्हतं म्हणून मी चहा ठेवू का असं विचारलं. तिने ऐकलंच नाही. तिचा चेहरा असा होता की मी उभी राहिले.

“स्नेहल,” ती म्हणाली, “एक हाय बाई त्यात, लय बारीक—”

मी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले. सांगू नकोस, म्हटलं, बहुधा ओरडले. सरांनी मिसळलेल्या चाळिसातला होता की आमच्या पंचविसातला, ते तिलाही माहीत नव्हतं. ती बोलतच होती, ओठ हलत होते, आणि ऐकू जात नाही असं दिसल्यावर तिने हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून हवेत एक ठिपका धरला, आणि तो हळूच सरकवून दाखवायला लागली. कुठल्या बाजूला ते दिसायच्या आत मी डोळे मिटले.